पायथॉन शिकायचं आहे, पण भाचा म्हणतो ती खरी भाषाच नव्हे

प्रश्न : ताई, मी कराडजवळच्या एका पतसंस्थेत लेखनिक आहे. वय ३४, शिक्षण बी. कॉम. पुढच्या आठवड्यात मुदत संपणाऱ्या ठेवींची यादी दर सोमवारी मला एक्सेलमधून हाताने काढावी लागते. शाखा वेगळ्या, ठेवीदार वेगळे. कॉपी-पेस्ट करण्यात अर्धा दिवस जातो. कुणीतरी सुचवलं, पायथॉन शिक, चुटकीसरशी होईल. म्हणून यूट्यूबवर हिंदी व्हिडिओ बघायला लागले. बघताना सगळं कळतं, स्वतः लिहायला बसले की काहीच सुचत नाही. मध्येच जावास्क्रिप्ट सुरू केली, मग कुणी रुबी छान आहे म्हणालं म्हणून तिचेही काही धडे बघितले. पुण्यात इंजिनिअरिंग करणारा भाचा म्हणतो, ‘आत्या, या डायनॅमिक भाषा म्हणजे पोरखेळ. आधी सी शिक, मग जावा.’ शहरातला एक क्लास ४५ हजार रुपये मागतो आहे. माझं इंग्रजी जेमतेम. कोणती भाषा शिकू, कुठून आणि कशी?
– एक वाचक, कराड

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही ओघात सांगून गेलात. तुमच्याकडे काम आहे. शिकायला निघालेल्या बहुतेकांकडे नुसता उत्साह असतो, करण्याजोगं काम नसतं, आणि मग चौथ्या-पाचव्या धड्यावर गाडी अडते. तुमची यादी दर सोमवारी परत येते आणि ती बरोबर आली की चुकली, हे तुम्हाला कुणाही शिक्षकापेक्षा आधी कळतं. हे भांडवल मोठं आहे.

थेट उत्तर आधी देते. पायथॉन शिका. जावास्क्रिप्ट आणि रुबी तूर्त बाजूला ठेवा. क्लासचे पैसे भरू नका. आणि व्हिडिओ बघणं काही आठवडे पूर्ण बंद करा. या सगळ्यामागचं कारण एकच आहे आणि ते या भाषांच्या घडणीतच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

भाच्याला जे म्हणायचं आहे ते अर्धं खरं आहे. सी किंवा जावात प्रोग्रॅम लिहिला की तो चालण्याआधी कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर, सगळा वाचून काढतो. कोणत्या नावात काय राहणार, आकडा की मजकूर, हे बहुतेक ठिकाणी आधीच जाहीर करावं लागतं आणि त्यात गफलत असेल तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. पायथॉन, जावास्क्रिप्ट, रुबी, पर्ल, पीएचपी, लुआ या भाषांमध्ये प्रकार नावाला चिकटलेला नसतो, त्या नावात ठेवलेल्या मूल्याला चिकटलेला असतो. यांनाच डायनॅमिक भाषा म्हणतात. ‘रक्कम’ या नावात आत्ता आकडा आहे. पुढच्या ओळीत तिथेच मजकूर ठेवलात तरी भाषा हरकत घेत नाही. तपासणी होते ती प्रोग्रॅम चालू असताना, त्या त्या ओळीवर पोचल्यावर.

यात पोरखेळ काहीच नाही. जॉन मॅकार्थी यांनी याच घराण्यातल्या लिस्प या भाषेवर काम सुरू केलं ते १९५८ मध्ये, एमआयटीत. फोरट्रान ही आधीची भाषा लोकांच्या हाती येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. सी आली त्यानंतर चौदा-एक वर्षांनी. वयाचाच मान द्यायचा तर या घराण्याला सी ने नमस्कार करायला हवा. पुढे १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत अ‍ॅलन के, डॅन इंगल्स, अ‍ॅडेल गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक घडवली. तीही याच घराण्यातली. आज विकिपीडिया पीएचपीत लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर चालतो. इन्स्टाग्रामची उभारणी पायथॉनवर झाली. भाच्याला हे जरूर सांगा, वादासाठी नव्हे, त्याच्याही उपयोगाचं आहे म्हणून.

पायथॉनची कुळकथा तर तुमच्या फार जवळची आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत ‘एबीसी’ नावाची एक भाषा तयार होत होती. प्रोग्रॅमिंग हा ज्यांचा पेशा नाही अशा माणसांना संगणकाकडून आपलं काम करून घेता यावं, हा तिचा हेतू. खीदो व्हान रोसुम हे त्या कामात होते. एबीसी फारशी पसरली नाही, पण तिच्यातलं चांगलं ते घेऊन आणि अडचणीचं ते टाकून त्यांनी १९८९ च्या डिसेंबरात नाताळच्या सुटीत पायथॉन लिहायला घेतली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली केली. ओळी आत सरकवून त्यांचा गट दाखवायची पायथॉनची पद्धत एबीसीकडूनच आली आहे. लुआची जन्मकथाही अशीच. ब्राझीलमध्ये तेव्हा परदेशी संगणक आणि सॉफ्टवेअर आणण्यावर कडक बंधनं होती, त्यामुळे रिओच्या पीयूसी विद्यापीठातल्या मंडळींनी पेट्रोब्रास या तेल कंपनीच्या इंजिनिअरांसाठी छोट्या भाषा स्वतः बनवल्या. त्यांतून १९९३ मध्ये लुआ निघाली. वापरणारे कुणी पेशाने प्रोग्रॅमर नव्हते, आपल्या कामातले जाणकार होते. पतसंस्थेतली लेखनिक म्हणजे या भाषांच्या दारात चुकून आलेली पाहुणी नाही. या घरातल्या कितीतरी भाषा अशाच माणसांचा विचार करून घडल्या.

आता भाच्याचं खरं असलेलं अर्धं.

ही मोकळीक उधारीवर मिळते. कंपायलरने जी चूक सुरुवातीलाच दाखवली असती, ती इथे प्रोग्रॅम त्या ओळीवर पोचेपर्यंत गप्प राहते. तुमच्याच कामातलं उदाहरण घ्या. एक्सेलच्या एका खान्यात ५०० हा आकडा आहे आणि दुसऱ्या खान्यातले ५० कुणीतरी मजकूर म्हणून टाइप केलेत. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पायथॉनला त्यांची बेरीज सांगितलीत तर ती त्या ओळीवर थांबते आणि एरर दाखवते : आकडा आणि मजकूर यांची बेरीज मला येत नाही. जावास्क्रिप्टला तेच सांगितलंत तर ती ५०० ला ५० चिकटवून ५००५० असा मजकूर तुमच्या हातात ठेवते आणि पुढे चालू लागते. वजाबाकी सांगितली असती तर मात्र तिने मजकुराचा आकडा करून बिनबोभाट ४५० दिले असते! दोन्ही भाषा डायनॅमिक आहेत, पण एक शंका आली की थांबते, दुसरी अंदाज बांधते. ठेवींचा हिशेब करणाऱ्या माणसाने थांबणारी भाषा घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. तुमच्यासाठी पायथॉन निवडण्याचं पहिलं कारण हे.

जावास्क्रिप्टला कमी लेखण्याचा यात हेतू नाही. ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत तिचा पहिला नमुना दहा दिवसांत लिहिला, वेबपानावर छोटीमोठी हालचाल करण्यासाठी. पान थोड्याशा चुकीने कोलमडू नये, चालत राहावं, अशीच तिच्याकडून अपेक्षा होती. आज ब्राउझरमध्ये काही घडवायचं तर तिला पर्याय नाही. तुम्हाला मात्र वेबपान बनवायचं नाही. आणि नावात जावा असलं तरी जावाशी तिचं काही नातं नाही, हेही लक्षात असू द्या. क्लासवाले पुष्कळदा दोन्ही एका दमात म्हणतात.

मोठ्या कामात ही उधारी जड होते, हे या भाषा वापरणाऱ्यांनीही मान्य केलं आहे. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये टाइपस्क्रिप्ट आणली ती जावास्क्रिप्टला आधी तपासता यावं म्हणून. पायथॉनमध्ये २०१५ पासून, हवं असेल तर, नावापुढे प्रकार लिहिण्याची ठरीव सोय आहे. खुद्द व्हान रोसुम ड्रॉपबॉक्समध्ये असताना तिथल्या ४० लाखांहून अधिक ओळींच्या पायथॉनला असे प्रकार लावून तपासायचं काम झालं. भाच्याच्या कॉलेजात जे शिकवतात त्याला असा अर्थ आहे. पण तुमचा पहिला प्रोग्रॅम साठ-सत्तर ओळींचा असेल. त्याच्यासाठी आधी सी शिकून मग जावा शिकणं म्हणजे सोमवारची यादी दोन वर्षं पुढे ढकलणं.

तर आता व्हिडिओ का थांबवायचे ते. या भाषांनी तुम्हाला दिलेली सगळ्यात मोठी सोय ही, की तुम्ही त्यांना एकेक ओळीत प्रश्न विचारू शकता. पायथॉन उघडली की तीन बाणांसारख्या खुणा दिसतात आणि पुढे कर्सर लुकलुकत असतो. एक ओळ लिहा, एंटर दाबा, उत्तर समोर. चूक झाली तर एरर समोर. काही बिघडत नाही, परत लिहा. चूक चालवल्यावरच उघडी पडते ना, मग सतत चालवत राहणं हाच इथला अभ्यास. वीस ओळी लिहून मग रन करायची सवय लावू नका. दोन ओळी लिहा, रन करा, बघा. व्हिडिओत हे सगळं दुसराच कुणीतरी करत असतो. विचारणाराही तोच, ठेच लागणाराही तोच. तुमच्या वाट्याला त्याची बरोबर आलेली उत्तरं येतात, म्हणून बघताना कळतं आणि लिहिताना हात चालत नाही. यात तुमच्या बुद्धीची काही कमतरता नाही.

साधन म्हणून ‘थॉनी’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात ते खास नवशिक्यांसाठी बनलं. त्याच्यासोबत पायथॉन आपोआप येते, वेगळी काही जुळवाजुळव लागत नाही. वरच्या भागात प्रोग्रॅम लिहा, खालच्या भागात प्रश्न विचारा. त्यात एक व्हेरिएबल्सची चौकट उघडता येते. कोणत्या नावात या क्षणी काय आहे ते तिथे दिसतं. प्रोग्रॅम एकेका पायरीने पुढे नेता येतो. डायनॅमिक भाषेत नावाखालचं मूल्य बदलत राहतं, त्यामुळे ही चौकट तुमच्यासाठी फार कामाची आहे.

त्या चौकटीकडे बघतच एक गोष्ट समजून घ्या, कारण इथे जवळजवळ प्रत्येकजण अडखळतो. ठेवींची एक यादी केलीत, तिला ‘जुनी’ नाव दिलंत आणि मग ‘नवी’ म्हणजे ‘जुनी’ असं लिहिलंत, तर दुसरी यादी तयार होत नाही. एकाच यादीला दोन नावं झाली. ‘नवी’त एक ठेव वाढवली की ‘जुनी’तही ती दिसते. वेगळी प्रत हवी असेल तर तशी प्रत मागावी लागते. हे वाचून पटतं, पण अंगवळणी पडत नाही, म्हणून थॉनीत मुद्दाम करून बघा. ‘पायथॉन ट्यूटर’ नावाची फिलिप गुओ यांनी केलेली एक मोफत साइट आहे. ती नावापासून मूल्यापर्यंत बाण काढून दाखवते. दोन नावांचे बाण एकाच यादीकडे गेलेले एकदा डोळ्यांनी बघितले की मग विसरायला होत नाही.

एररची भीती वाटते, असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण ती वाटत असणार. लाल अक्षरातला तो मजकूर खालून वर वाचायचा. शेवटची ओळ सांगते काय बिनसलं, तिच्या वरच्या ओळी सांगतात कुठे. २०२१ मध्ये आलेल्या ३.१० या आवृत्तीपासून पायथॉनचे एरर बरेच सुधारलेत. नावाचं स्पेलिंग चुकलं तर तुम्हाला अमुक म्हणायचं होतं का, असंही ती विचारते. सुरुवातीला तुम्हाला पाच-सहा प्रकारचेच एरर परत परत भेटतील. एका वहीत त्यांची शेवटची ओळ उतरवा आणि समोर मराठीत कारण लिहा. इंग्रजीची जी अडचण तुम्हाला वाटते, ती एवढ्या शिदोरीवर पुष्कळशी सुटते. भाषेतले कायमचे राखीव शब्द पस्तीसच्या आसपास आहेत आणि एररमधलं इंग्रजी ठरावीक साच्याचं असतं.

आता कुठून शिकायचं. जगभरचं साहित्य आहे आणि तीच अडचण आहे. मी तुम्हाला एकच पुस्तक सांगते : अल स्वाइगार्ट यांचं ‘ऑटोमेट द बोअरिंग स्टफ विथ पायथॉन’. लेखकाने ते स्वतःच्या साइटवर मोफत वाचायला ठेवलं आहे. कार्यालयात कंटाळवाणी कामं करणाऱ्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून ते लिहिलंय. एक्सेलच्या फायली, फोल्डर, पीडीएफ, तारखा, सगळं त्यात आहे. इंग्रजी सोपं आहे. सुरुवातीची प्रकरणं, म्हणजे आकडे-मजकूर, अटी, लूप, फंक्शन, याद्या आणि डिक्शनरी, क्रमाने करा, प्रत्येक ओळ स्वतः टाइप करून. कॉपी-पेस्ट अजिबात नको. मग मधलं सगळं सोडून थेट एक्सेलच्या प्रकरणाकडे जा.

मराठी आवाजाचा आधार हवा असेल तर आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प बघा. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला. दहा-बारा मिनिटांचे धडे, त्यांतले अनेक मराठीतही, आणि पद्धत अशी की धडा थांबवायचा, शेजारच्या खिडकीत तेच स्वतः करायचं, मग पुढे जायचं. व्हिडिओ थांबवा म्हटलं त्याला हा अपवाद, कारण इथे करणं हाच धड्याचा भाग आहे. शिस्त आणि परीक्षा हवी वाटली तर एनपीटेल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या साइटवर आयआयटी रोपडचे प्रा. सुदर्शन अय्यंगार यांचा ‘जॉय ऑफ कंप्युटिंग युजिंग पायथॉन’ हा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे. शिकायला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला थोडी फी असते. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद यांचाही एक आहे, तो फार सुंदर पण तुमच्यासाठी सध्या चढा. सरावाला एक्झर्सिझम ही मोफत साइट. बस. हार्वर्डचा सीएस५०, फ्रीकोडकॅम्प, आणखी पन्नास नावं लोक सुचवतील. ती वाईट नाहीत, पण दर पंधरा दिवसांनी साधन बदललं की तुम्ही कायम पहिल्या तीन धड्यांतच राहता, आणि जावास्क्रिप्ट-रुबीच्या वेळी तेच झालं.

जुनं साहित्य ओळखण्याची एक खूण सांगते. पायथॉनची दुसरी आवृत्ती १ जानेवारी २०२० पासून अधिकृतपणे बंद झाली. ज्या धड्यात ‘प्रिंट’ या शब्दापुढे कंस नसेल तो धडा त्या काळातला, सोडून द्या.

आणि आता तुमची यादी, कारण शिकणं तिच्यापाशीच होणार आहे. ‘ओपनपायएक्सेल’ ही लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, थॉनीतूनच इन्स्टॉल करता येते आणि ती एक्सेलची फाइल थेट वाचते. फक्त एक्सएलएसएक्स प्रकारची हं. तुमच्या सॉफ्टवेअरमधून जुनी एक्सएलएस फाइल निघत असेल तर आधी एक्सेलमध्ये उघडून नव्या प्रकारात सेव्ह करा. पहिल्या दिवशी फक्त फाइल उघडून ठेवीदारांची नावं छापा. दुसऱ्या दिवशी मुदतीची तारीख. मग आजपासून सात दिवसांच्या आतल्या तेवढ्याच. शाखांप्रमाणे वेगळं करणं त्यानंतर. प्रत्येक टप्प्याला हाताने काढलेल्या यादीशी ताडून बघा.

तारखांपाशी तुम्ही नक्की अडकाल, आणि तिथेच डायनॅमिक भाषा खरी समजेल. काही खान्यांत एक्सेलला तारीख कळलेली असते, काहींत ती नुसता मजकूर असते. मजकूर म्हणून क्रम लावलात तर ०५/११ ही १२/०३ च्या आधी येते, कारण भाषा डावीकडून अक्षरं बघते. आणि तारखेची मजकुराशी तुलना करायला गेलात की पायथॉन थांबते. तेव्हा वैतागू नका. त्या खान्यात काय आहे आणि त्याचा प्रकार कोणता, हे तिलाच विचारा. ‘टाइप’ नावाचं फंक्शन त्यासाठीच आहे. रकमेचंही तसंच. ‘५०,०००’ असा स्वल्पविराम असलेला मजकूर आकड्यात बदलायला दिलात तर एरर येतो, स्वल्पविराम आधी काढावा लागतो.

देवनागरीची काळजी करू नका. पायथॉनला मजकूर म्हणून ‘१२३’ हे मराठी आकडे दिलेत आणि आकड्यात बदल म्हटलंत तर ती बिनतक्रार एकशे तेवीस देते. प्रोग्रॅमच्या ओळीत मात्र आकडे इंग्रजीच लिहावे लागतात. नावं ‘रक्कम’, ‘शाखा’ अशी मराठीत ठेवली तरी चालतात. स्वतःपुरत्या प्रोग्रॅमला तुम्ही ती खुशाल ठेवा. दोन ठिकाणी जपा. ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारलीत तर उत्तर ५ येतं, कारण काना आणि वेलांटी वेगळी मोजली जाते. रकाना आखताना हिशेब चुकतो. आणि नावांचा क्रम लावताना ळ हा व च्या आधी येतो, आपल्या वर्णमालेसारखा ह च्या नंतर येत नाही. तुमच्याकडच्या जुन्या नोंदी शिवाजी किंवा तसल्या फॉन्टमध्ये असतील तर आत खरी मराठी नसते; इंग्रजी अक्षरांना मराठी रूप दिलेलं असतं, आणि पायथॉनला ती इंग्रजी अक्षरंच दिसतात. त्या फायली आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या प्रमाण पद्धतीत, बदलून घ्या, तोवर त्यांना हात लावू नका.

व्याजाच्या हिशेबात जाल तेव्हा हे लक्षात ठेवा : पायथॉनचं ‘राउंड’ अडीचचे दोन करतं आणि साडेतीनचे चार, म्हणजे बरोबर मध्यावर असलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतं. पतसंस्थेत आपण अर्धा आला की वर नेतो. शिवाय दशांशातल्या साध्या बेरजाही संगणकात किंचित हलतात; ०.१ आणि ०.२ मिळवले की ०.३ च्या शेपटाला सतराव्या घरात एक ४ दिसतो. रुपये-पैशांसाठी ‘डेसिमल’ नावाचं मॉड्यूल पायथॉनसोबतच येतं, पूर्णांक कसा करायचा तेही त्यात सांगता येतं. लेखापरीक्षक येतात तेव्हा एका पैशाचा फरकही शोधावा लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

एक गोष्ट कळकळीने सांगते. सभासदांची नावं, खातेक्रमांक, रकमा असलेली फाइल इंटरनेटवरच्या कोणत्याही पानावर चढवू नका, कोणत्याही एआयला देऊ नका, भाच्यालाही पाठवू नका. सरावासाठी वीस खोट्या ठेवीदारांची एक फाइल तयार करा. त्यात मुद्दाम एक चुकीची तारीख, एक रिकामा खाना आणि एक स्वल्पविरामवाली रक्कम टाका. प्रोग्रॅम घरच्या संगणकावर या फाइलवर पक्का करा. संस्थेच्या संगणकावर काही इन्स्टॉल करण्याआधी व्यवस्थापकांची परवानगी घ्या, आणि मूळ फाइलवर कधीही लिहू नका, उत्तर नव्या फाइलमध्ये काढा.

एआयला विचारू का, हा प्रश्न तुम्ही केला नाहीत, पण वेळ येणारच. एररची शेवटची ओळ देऊन ‘याचा अर्थ मराठीत सांग’ म्हणा, उत्तम उपयोग आहे. ‘माझा प्रोग्रॅम लिहून दे’ म्हणालात तर कदाचित यादी निघेल, पण ज्या सोमवारी ती चुकीची निघेल त्या सोमवारी तुम्हाला कळणार नाही, आणि ठेवीदाराला फोन जायचा राहील. आधी स्वतः लिहून चालवलेलं असावं, मग विचारावं.

क्लासबद्दल. ४५ हजार ही रक्कम तुमच्या पगारातून जाणार आहे. क्लास तुम्हाला भाषा शिकवेल त्यापेक्षा अभ्यासक्रम जास्त संपवेल. तिथे तुमची यादी कुणी उघडणार नाही. नोकरी बदलायचं पुढेमागे मनात आलं, तर तेव्हाही आधी हातात चालणारे दोन-तीन प्रोग्रॅम असू द्या आणि मग क्लासची चौकशी करा. ती वेळ आली तर पहिल्या भेटीत विचारा : वर्गात प्रत्येकाला स्वतंत्र संगणक आहे का, आणि विद्यार्थ्याने लिहिलेला कोड कुणी वाचून चुका दाखवतं का.

रुबीचेही धडे तुम्ही बघितलेत, ते आवडले असतील. आवडणारच. युकिहिरो मात्सुमोतो यांनी जपानमध्ये ती घडवताना लिहिणाऱ्याला आनंद व्हावा हे उद्दिष्ट ठेवलं होतं आणि ते तिच्या प्रत्येक ओळीत दिसतं. पायथॉनमधली यादी तुमच्या मनासारखी निघायला लागली की एखाद्या सुटीत तीच यादी रुबीत लिहून बघा. तोवर नाव, मूल्य, लूप, फंक्शन सगळं ओळखीचं झालेलं असेल आणि दुसरी भाषा पहिलीच्या मानाने फार कमी वेळ घेईल. भाचा दिवाळीला येईल तेव्हा त्याच्याकडून प्रोग्रॅम लिहून घेऊ नका, तुमचा त्याला वाचायला द्या आणि कुठे मोडेल ते शोधायला सांगा. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला ते चांगलं जमतं.

पुढचं पत्र लिहाल तेव्हा अडलेली ओळ, एररची शेवटची ओळ आणि तुम्हाला काय अपेक्षित होतं, हे तिन्ही कळवा. खोट्या ठेवीदारांची फाइलही सोबत जोडा.